एक माप आखूड : कोल्हापूर विमानतळाची वाटचाल

कोल्हापूरच्या विमानतळाचा इतिहास सांगायचा तर तारखांपेक्षा मीटर जास्त कामाला येतात. 1370, 1930 आणि 2300. पहिला आकडा मागच्या पिढीचा, दुसरा आजचा, तिसरा अजून नकाशांवर आणि शेतांच्या बांधांवर. उजळाईवाडीच्या माळावर जे घडलं, बिघडलं आणि रखडलं, त्यातलं बहुतेक या तीन आकड्यांत येतं. वाढत्या अंगाच्या मुलाचा सदरा शिंप्याकडून येईपर्यंत आखूड व्हावा, तसं या धावपट्टीचं होत आलं. कालच्या विमानाच्या मापाची पट्टी तयार होते, तोवर कंपन्यांच्या ताफ्यात दुसरंच विमान आलेलं असतं.

सुरुवात मात्र काळाच्या पुढची होती. 5 जानेवारी 1939 रोजी छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत या विमानतळाचं उद्घाटन झालं. तेव्हाचा हिंदुस्थान विमानांच्या बाबतीत कुठे होता, हे पाहिलं म्हणजे या तारखेचं वजन कळतं. मुंबईचा जुहू विमानतळ 1928 चा. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपालाचं विमान आणलं ते ऑक्टोबर 1932 मध्ये, आणि तेच टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं नेव्हिल विन्सेंट यांनी. त्यानंतर अवघ्या सहा-सव्वासहा वर्षांत सह्याद्रीच्या पूर्वेच्या एका संस्थानानं स्वतःचा विमानतळ उभा केला.

ही राजेशाही हौस होती, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण महाराजांच्या कारभाराची बाकीची पानं उलटली तर हौसेपेक्षा हिशेब जास्त दिसतो. 1931 मध्ये संस्थानचं हायकोर्ट, 1933 मध्ये कोल्हापूर सिनेटोन, कसबा बावड्याचा साखर कारखाना, शहराच्या पूर्वेला आखीव-रेखीव राजारामपुरी. शाहू महाराजांनी घालून दिलेल्या पायावर या गावाला व्यापार-उद्योगाचं शहर करायचं, हा धोरणाचा धागा त्यात सरळ दिसतो. विमानतळ त्याच वहीतली एक नोंद आहे. शिवाय कोल्हापूरची एक जुनी अडचण होती आणि ती अजून आहे. मिरजेहून 1891 मध्ये रेल्वे आली ती इथे येऊन थांबली. पुढे घाट आणि खाली कोकण. रेल्वेच्या नकाशावर कोल्हापूर हे टोकाचं गाव, आणि टोकाच्या गावातून पुढे जायला आकाशाची वाट काढावी, असं एखाद्या राज्यकर्त्याला वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

जागाही चांगली. उजळाईवाडीचा माळ शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 609 मीटर उंचीवर आणि पंचगंगेच्या पुराच्या आवाक्याबाहेर. पट्टीची दिशा साधारण पूर्व-पश्चिम. होकायंत्राच्या अंशांतलं शेवटचं शून्य गाळून धावपट्टीला नाव देतात, म्हणून एका टोकाला 07 आणि दुसऱ्या टोकाला 25. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडावं आणि उतरावं, हा या धंद्याचा पहिला नियम. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात वारा पश्चिमेचा, घाटावरून सरळ अंगावर येणारा. पावसाळ्यात 25 ची बाजू वापरात येते ती त्यामुळे. आडव्या वाऱ्याची झोंबाझोंबी इथे वैमानिकांच्या वाट्याला त्या मानानं कमी येते.

26 नोव्हेंबर 1940 रोजी राजाराम महाराजांचं निधन झालं. विमानतळाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. जगात महायुद्ध पेटलेलं, इथे गादीच्या वारसाचा प्रश्न, आणि पुढे 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन. या उलथापालथीत विमानतळाला मालक उरला, धनी उरला नाही. याच काळात शंभरेक किलोमीटरवर बेळगावजवळ सांबऱ्याला 1942 मध्ये रॉयल एअर फोर्सनं लष्करी तळ बांधला. तो पुढे लष्करी कामात राहिला आणि म्हणून राखला गेला. आपला नागरी होता, म्हणून वाट पाहत राहिला. सांबऱ्याचं नाव या लेखात पुन्हा येणार आहे.

मधली तीन-साडेतीन दशकं भराभर ओलांडायला हरकत नाही. सरकारी विमानं, मंत्र्यांचे दौरे, अधूनमधून एखादं खासगी विमान, एवढंच. मग राज्य सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानं 1370 मीटरची धावपट्टी बांधली. 1981 मध्ये लहान शहरांसाठी वायुदूत ही सरकारी कंपनी निघाली आणि तिच्या नकाशावर कोल्हापूरचं नाव आलं. एकोणीस आसनांचं डॉर्निअर हे तिचं ओळखीचं विमान, कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बांधलेलं. त्याला 1370 मीटर म्हणजे ऐसपैस. त्या काळी धावपट्टी आखूड आहे अशी तक्रार कुणी केली नाही, कारण तेव्हा ती नव्हतीच. पण वायुदूतचा जमाखर्च काही जुळला नाही. नव्वदच्या दशकात ती कंपनी मिटली आणि डॉर्निअरचं मापही तिच्याबरोबर गेलं.

विमानतळ पुढे बांधकाम खात्याकडून राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाकडे, म्हणजे एमआयडीसीकडे आला. कागदावर हे विचित्र दिसतं, पण कुंपणापलीकडे गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आहे, हे लक्षात घेतलं की उलगडा होतो. कोल्हापूरचा खरा प्रवासी तिथे आहे. फाउंड्रीवाला. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या पट्ट्यात ओतीव काम करणारे जे कारखाने आहेत, त्यांचं गिऱ्हाईक पुण्यात, चेन्नईत, बंगळुरात आणि परदेशात. नमुना पास करायला येणाऱ्या इंजिनिअरला सकाळी येऊन संध्याकाळी परत जायचं असतं. त्याला रात्रभराचा रेल्वेप्रवास सांगितला की ऑर्डर दुसऱ्या गावी जाण्याची भीती. इचलकरंजीचा कापडवाला आणि हुपरीचा चांदीवाला यांचंही रडगाणं वेगळं नाही. आंब्याच्या करंड्या आणि गुळाच्या रव्यांचं चित्र भाषणांत बरं वाटतं, पण विमानाचं तिकीट रोजच्या रोज काढतो तो ओतकामाचा माणूस.

एअर डेक्कनचं आणि पुढे किंगफिशरचं विमान मुंबईहून यायला लागलं, तेव्हा शहराला वाटलं आता बस्तान बसलं. 2011 च्या अखेरीला किंगफिशरनं इथली सेवा थांबवली. ती कंपनी देशभरातच मोडकळीला आली होती, तेव्हा दोष कोल्हापूरच्या गर्दीचा नव्हता. तरी परिणाम व्हायचा तो झाला आणि सहा वर्षं इथे एकही नियमित प्रवासी विमान उतरलं नाही. या रिकाम्या काळातच विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेला. माझ्या मते या विमानतळाच्या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची घटना ती आहे, उद्घाटनं नव्हेत. प्राधिकरणाकडे गेल्यामुळे धावपट्टी, दिवे, अग्निशमन आणि हवाई वाहतूक नियंत्रण या चार गोष्टी एका छपराखाली आल्या आणि परवान्यासाठी कुणाकडे बोट दाखवायचं हे ठरलं.

आता ते मीटरांचं गणित उलगडून सांगितलं पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गावात चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं एक वाद ऐकू येई: अमुक विमानाला कंपनी स्वतः 1300 मीटर पुरतात म्हणते, आपल्याकडे 1370 आहेत, मग अडतंय कुठे? अडतं हवेत. कंपनीचा आकडा समुद्रसपाटीचा आणि 15 अंश तापमानाचा असतो. उंचीवर हवा विरळ, उन्हात ती आणखी विरळ. विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो, म्हणून विमानाला जास्त पळावं लागतं. नियोजनाचा ढोबळ आडाखा असा, की दर 300 मीटर उंचीला धावपट्टी 7 टक्के वाढवा, आणि त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा प्रत्येक जादा अंशाला आणखी 1 टक्का. कोल्हापूरच्या 609 मीटरला झाले 14 टक्के. या उंचीचं प्रमाण तापमान 11 अंश. उन्हाळ्यातली दुपार 35 धरली तर 24 अंश जादा, म्हणजे वर 24 टक्के. दोन्ही एकावर एक चढवले की सुमारे 41 टक्के होतात. समुद्रकाठी 1000 मीटरमध्ये उडणारं विमान इथे एप्रिलच्या दुपारी 1400 मागतं.

उलट बाजूनं मोजा. कोल्हापूरचे 1370 मीटर म्हणजे समुद्रकाठचे जेमतेम 970. सत्तर-बहात्तर आसनांच्या एटीआरला पूर्ण वजनानं उडायला समुद्रसपाटीला 1300 च्या पुढे लागतात, म्हणजे इथे 1800 च्या वर. तेव्हा 1370 वरून ते उडायचं तर वजन उतरवायचं, आणि वजन म्हणजे इंधन, सामान किंवा माणूस. गिऱ्हाईक दारात उभं असताना आसनं रिकामी ठेवून विमान उडवायचं, ही कुठल्याही कंपनीच्या हिशेबनिसाला न पटणारी गोष्ट. टपरीवरचा वाद इथे संपायला हवा होता. तो संपला नाही हा भाग निराळा.

लहान शहरांना विमानसेवेनं जोडणारी केंद्राची उडान योजना आली ती या पार्श्वभूमीवर. ऑक्टोबर 2016 मध्ये धोरण ठरलं आणि एप्रिल 2017 मध्ये सिमला ते दिल्ली पहिलं विमान उडालं. योजनेची रचना समजून घेण्यासारखी आहे. तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला सुमारे 2500 रुपयांची कमाल मर्यादा, पण ती निम्म्या आसनांवर आणि जास्तीत जास्त चाळीस आसनांपर्यंत. कंपनीला पडणारी तूट सरकार भरणार. त्यासाठीचा पैसा मोठ्या शहरांमधल्या विमानांवर लावलेल्या आकारातून यायचा आणि तुटीचा पाचवा हिस्सा राज्यानं उचलायचा. राज्यानं इंधनावरचा कर 1 टक्क्यावर आणायचा, पोलीस आणि अग्निशमन विनामूल्य पुरवायचं. बदल्यात त्या मार्गावर तीन वर्षं दुसऱ्या कंपनीला मज्जाव. थोडक्यात, मुंबई-दिल्लीच्या प्रवाशानं कोल्हापूर-हैदराबादच्या प्रवाशाचं तिकीट थोडं स्वस्त केलं. यावर नाक मुरडणारे आहेत. मला ते पटत नाही. रेल्वेनं पहिल्या वर्गाच्या आणि मालाच्या जिवावर जनरलचा डबा आयुष्यभर ओढला, तेव्हा कुणी तक्रार केली नाही.

2017 च्या डिसेंबरात नव्या अवताराच्या एअर डेक्कनचं बीचक्राफ्ट मुंबईहून आलं. अठरा-एकोणीस आसनांचं. धावपट्टीला ते सहज परवडणारं, पण मुंबईला परवडणारं नव्हतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं आणि तिथली मिनिटं सोन्याच्या भावानं जातात. तिथे अठरा माणसांचं विमान आणि एकशेऐंशी माणसांचं विमान सारखीच वेळ खातं. मग लहान गावच्या विमानाला मिळणार ती उरलीसुरली, भर दुपारची, कुणाच्याच सोयीची नसलेली वेळ. आठवड्यातून मोजक्याच फेऱ्या, त्यातली एखादी रद्द, आणि प्रवासी पुन्हा महालक्ष्मी एक्स्प्रेसकडे. ही सेवा फार दिवस टिकली नाही. पुढे 2019 मध्ये ट्रूजेटनं मुंबईची बाजू धरली, पण 2022 च्या फेब्रुवारीत ती कंपनी जमिनीवर आली. कोल्हापूर-मुंबई हा मार्ग मागणीअभावी कधी मेला नाही. मुंबईतल्या जागेअभावी त्याचा श्वास अधूनमधून कोंडला.

बस्तान बसलं ते भलत्याच दिशेनं. 2018 च्या डिसेंबरात अलायन्स एअरचं एटीआर हैदराबाद आणि बंगळूरला जोडून धावायला लागलं. पुढच्या वर्षी इंडिगो आली, हैदराबादला आणि तिरुपतीला. पन्नास वर्षं ज्या शहराच्या पुढाऱ्यांनी 'मुंबई, मुंबई' केलं, त्या शहराला विमानाची सवय लागली ती दक्षिणेकडे. हैदराबादहून पुढे देशात आणि परदेशात जाणं सोपं, म्हणून फाउंड्रीवाला खूश. तिरुपतीचा मार्ग तर कोल्हापूरच्या मनातला. नवरात्रात अंबाबाईला तिरुपतीहून शालू येतो, हरिप्रिया एक्स्प्रेस वर्षानुवर्षं भाविकांनी भरून जाते. बालाजीचं दर्शन घेतलं की अंबाबाईचं घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, ही श्रद्धा दोन्ही बाजूंच्या तिकीटविक्रीला उपयोगी पडली. मार्ग निवडताना बाजाराचे अहवाल काढतात. इथे पंचांग काढलं असतं तरी चाललं असतं.

2018 मध्येच राज्य विधिमंडळानं विमानतळाला छत्रपती राजाराम महाराजांचं नाव देण्याचा ठराव केला.

या सगळ्यात रोजचं काम काय असतं, ते प्रवाशाला दिसत नाही. म्हणून थोडं इथे थांबतो. उजाडायच्या सुमाराला धावपट्टीवरून एक जीप जाते. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. आतला माणूस डांबराकडे बघत असतो. सुटलेला खडा, टायरचा तुकडा, बॅगेच्या चाकाचा बोल्ट, रात्री ऊब शोधत डांबरावर येऊन पडलेला साप. एटीआरच्या पंख्यानं उडवलेला खडा विमानाच्या अंगाला खोच पाडतो, आणि एका खोचेपायी दिवसाची सगळी वेळापत्रकं कोलमडतात. कडेचे दिवे बघायचे: धावपट्टीच्या कडेला पांढरे, सुरुवातीला हिरवे, शेवटाला तांबडे, टॅक्सीवेला निळे. उताराचा कोन दाखवणारे चार दिवे वेगळे. वैमानिकाला त्यातले दोन पांढरे आणि दोन तांबडे दिसले तर तो बरोबर तीन अंशांनी उतरतो आहे, चारही तांबडे म्हणजे धोक्याइतका खाली. पावसाळ्यात गवत. ते उंच वाढलं की त्यात किडे आणि उंदीर, त्यांच्यामागे घारी आणि बगळे. फार आखूड कापलं की टिटव्या मोकळ्यावर येऊन बसतात. गवताची उंची हा इथे बागकामाचा विषय नाही, सुरक्षेचा आहे. कुंपणाबाहेरची उघड्यावरची मटणाची टाकाऊ रास हाही विमानतळाचाच प्रश्न, फक्त सोडवायचा अधिकार ग्रामपंचायतीकडे.

अग्निशमनाची तऱ्हा आणखी वेगळी. बंब किती मोठा लागेल हे प्रवाशांच्या संख्येवर ठरत नाही, विमानाच्या लांबीवर ठरतं. एटीआर 72 सुमारे 27 मीटर लांब, म्हणून पाचवी श्रेणी आणि 5400 लिटर पाणी. 28 मीटरच्या पुढे गेलं की सहावी, पाणी 7900 लिटर. एम्ब्रेअर आणि एअरबस 320 सहाव्यात येतात. इशारा मिळाल्यापासून धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोचून फवारा सुरू झाला पाहिजे. धावपट्टी लांबली की बंबाचं अंतरही लांबतं, हे विस्ताराच्या बातमीत कुणी लिहीत नाही. या जवानांची नोकरी अशी, की आयुष्यभर सराव करायचा आणि प्रसंग येऊ नये अशी प्रार्थना करायची.

नाइट लँडिंग हा शब्द कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ झाला, इतक्या निवडणुका त्यावर झाल्या. लोकांना वाटतं दिवे लावले की झालं. तसं नाही. नुसत्या नजरेच्या भरवशावर उतरायचं तर दृश्यता 5 किलोमीटर हवी आणि ढगांचा तळ 1500 फुटांच्या वर हवा. आपल्या जुलैत हे दोन्ही एका वेळी मिळणं म्हणजे नशीब. त्यामुळे हैदराबादहून आलेलं विमान घिरट्या घालून परत गेलं, ही पावसाळ्यातली ठरलेली बातमी असे. उपकरणांच्या आधारे उतरायची परवानगी हवी असेल तर धावपट्टीच्या दोन्ही बाजूंची मोकळी पट्टी रुंद करावी लागते, आजूबाजूचे डोंगर, टॉवर आणि इमारती मोजाव्या लागतात, अडथळ्यांवर दिवे लावावे लागतात. वीज गेली तर पंधरा सेकंदांत जनरेटरवर दिवे परत यायला हवेत. गडमुडशिंगी, तामगाव, उजळाईवाडी या गावांतल्या घरांच्या उंचीवर मर्यादा आली ती त्यातूनच. माळावर विमान आलं म्हणून जमिनीचे भाव वाढले आणि त्याच विमानामुळे तिसरा मजला अडला. दोन्ही खरं आहे, आणि गावकऱ्यांचा संताप समजण्यासारखा आहे.

2022 मध्ये वाढवलेली 1930 मीटरची धावपट्टी वापरात आली आणि नाइट लँडिंगची रडकथाही त्याच सुमाराला संपली. वरच्या आडाख्यानं 1930 म्हणजे समुद्रकाठचे 1370 च्या आसपास. योगायोग पाहा, आकडा तोच आला. एटीआर आता भर उन्हातही जवळजवळ पूर्ण भरून उडू शकलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्टार एअरनं मुंबईची सेवा सुरू केली. ही कंपनी संजय घोडावत समूहाची, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलीच. पण जानेवारी 2019 मध्ये तिची पहिली विमानं उडाली ती कर्नाटकातून, आणि पुढे बेळगाव हा तिचा मोठा तळ झाला. सांबऱ्याची धावपट्टी 2017 मध्येच 2300 मीटर झाली होती. घरच्या माणसानं जेट विमान घेतलं आणि ते शेजारच्या राज्यात ठेवलं, यात त्याचा दोष नाही. विमान तिथेच राहतं जिथे त्याला पळायला जागा असते.

लांबी हेच सर्वस्व, असा मात्र अर्थ कुणी काढू नये. सिंधुदुर्गातल्या चिपीला 2021 मध्ये 2500 मीटरची धावपट्टी सुरू झाली, कोल्हापूरच्या सगळ्या स्वप्नांपेक्षा लांब. तरी तिथे विमानं टिकवणं जड गेलं, आणि जवळच गोव्यातला मोपा विमानतळ सुरू झाल्यावर आणखी जड. कोल्हापूरला माणूस होता आणि पट्टी नव्हती. चिपीला पट्टी होती आणि बारमाही माणूस नव्हता. यातलं पहिलं दुखणं बरं होतं, निदान पैशानं.

विमानतळ गावाच्या खऱ्या उपयोगी पडला तो मात्र तिकीटबारीवर नव्हे. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेनं शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग गिळला आणि आठवडाभर कोल्हापूर उत्तरेकडून तुटलं. रेल्वे बंद, रस्ते बंद, पेट्रोल आणि दुधाची टंचाई. उजळाईवाडीचा माळ कोरडा होता. बचावपथकं, हेलिकॉप्टरं, शिरोळ तालुक्यातल्या वेढलेल्या गावांसाठीची अन्नाची पाकिटं यांची धावपळ तिथून झाली. 2021 च्या जुलैत महामार्ग पुन्हा पाण्याखाली गेला. या दोन पुरांनंतर 'विमानतळ श्रीमंतांसाठी' हे वाक्य कोल्हापुरात पूर्वीइतक्या ठसक्यात कुणी म्हणत नाही.

नवी टर्मिनल इमारत 10 मार्च 2024 रोजी सुरू झाली. पंतप्रधानांनी आझमगडहून दूरदृश्य पद्धतीनं देशातल्या इतर विमानतळांच्या कामांबरोबर तिचं उद्घाटन केलं. सुमारे 4000 चौरस मीटरची ही वास्तू. दर्शनी भाग जुन्या कोल्हापूरचा, नव्या राजवाड्याच्या कमानींची आठवण देणारा. तो राजवाडा मेजर मँट यांच्या आराखड्यावर 1884 मध्ये पुरा झालेला, काळ्या घडीव दगडाचा. काँक्रीटच्या चौकटीवर दगडी मुखवटा चढवण्याची आजची फॅशन मला एरवी रुचत नाही. इथे ती खपून जाते, कारण पहिल्यांदा येणाऱ्याला आपण कुठे उतरलो हे पाटी न वाचता कळतं. जुन्या इमारतीत सामान देणं, तपासणी आणि वाट पाहणं एकमेकांच्या अंगावर व्हायचं. दोन विमानं एका वेळी आली की बसायला खुर्ची मिळत नसे. आता ती अडचण नाही. पण टर्मिनल मोठं झालं म्हणून विमान मोठं येत नाही, हे फोटो काढताना विसरलं जातं.

आता उरला तिसरा आकडा. 2300 मीटरसाठी 64 एकर जमीन हवी, आणि ती शेतकऱ्यांची आहे. वाढीव पट्टीच्या वाटेत नेर्ली-तामगाव रस्ता येतो, तो वळवावा लागणार. रस्ता वळला की शाळेचं आणि उसाच्या ट्रॉलीचं अंतर वाढतं. मोबदल्याचा दर कशावर ठरवायचा, उरलेल्या तुकड्यांचं काय, विहीर पलीकडे आणि शेत अलीकडे राहिलं तर पाणी कुठून न्यायचं, या बैठका वर्षानुवर्षं चालल्या. विस्ताराच्या विलंबाला शहरातला माणूस शेतकऱ्याचा हट्ट म्हणतो. पण आधीच्या प्रत्येक विस्तारात याच चार-पाच गावांनी जमीन दिली आहे, आणि विमानातून जाणाऱ्यांत त्या गावांतली माणसं किती, हा प्रश्न त्यांनी विचारला तर त्याचं उत्तर तयार ठेवायला हवं.

2300 झाले तर काय होईल? त्याच आडाख्यानं ते समुद्रकाठचे साधारण 1630 होतात. एअरबस 320 ला पूर्ण वजनानं उडायला समुद्रसपाटीला 2100 च्या आसपास लागतात. पण पूर्ण वजन लागतं ते लांब पल्ल्याला, टाकी भरून निघायचं तेव्हा. मुंबई, हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद ही तासा-दीड तासाची ठिकाणं अर्ध्याहून कमी इंधनात होतात, तिथे एअरबस भरून जाईल. दिल्लीचं गणित काट्यावर येतं. डिसेंबरात किंवा पहाटेच्या गारव्यात जमेल, मे महिन्याच्या दुपारी दहा-वीस आसनांवर पाणी सोडावं लागेल. म्हणजे दिल्लीसाठी कोल्हापूरला सकाळची वेळ मागावी लागणार, आणि दिल्लीच्या सकाळच्या वेळांसाठी देशातली निम्मी शहरं आधीच रांगेत आहेत.